झाकणाखालचा निळा

थिनरचा वास आला की पोराची गिटार आठवते. उल्हासनगरच्या फर्निचर कारखान्यात मी कपाटांना पॉलिश पेपर मारायचे. त्याची इलेक्ट्रिक गिटार निळी होती, वाजवून वाजवून रंग उडालेला. तो गावाला गेला तेव्हा मी ती घासून, रंग मारून काळी कुळकुळीत केली. आल्यावर म्हटलं, “बघ, कंपनीतून आणल्यासारखी!” त्याने स्क्रू काढून मागचं झाकण उघडलं. रंग बदललेला तिथे कळतो; आत निळा तसाच होता. “आई, कपाट आहे का हे? माझ्या हाताने झिजली होती गं.” मग माझं तोंड बघून म्हणाला, “असू दे, मस्त चमकतेय.” पोरगा वारला त्याला सात वर्षं झाली. गिटार अजून चमकते. त्याच्या हाताची एकही खूण मी ठेवली नाही. झाकणाखालचा निळा उरलाय, पण वाजवताना तिथे हात लागत नाही.