तिसरा पाट

"ताई, सर गेले. तुम्ही लगेच या. इथे सहीला नातेवाईक मागताहेत... मी चालत नाही म्हणतात."

विलासचा फोन आला तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि मी मेथी निवडत होते. खरं सांगते, रिक्षात बसल्यावर मी त्याच्या शेवटच्या वाक्याचाच विचार करत होते. माझा धाकटा भाऊ श्रीधर गेला होता. त्याला दवाखान्यात नेणारा, त्याचा रक्तगट, त्याच्या गोळ्या, कुठलं इंजेक्शन चालत नाही हे सगळं तोंडपाठ असलेला माणूस काउंटरसमोर उभा होता आणि त्याची सही चालत नव्हती. मी पोचले, चष्मा लावला, सही केली. 'मृताशी नातं' या रकान्यात 'बहीण' लिहिलं. विलास माझी पिशवी धरून उभा होता.

ईरा, निशांत, याला आता सात आठवडे झाले. हे खरं तर तुम्हा दोघांना पत्रानं कळवायचं होतं. पण पत्र म्हणजे घरातल्या घरात, आणि घरातल्या घरात ठेवण्याचा मला आता कंटाळा आला आहे. म्हणून वर्तमानपत्राच्या पुरवणीत देते आहे. तिकडे मेलबर्नला तुमची आई तुम्हाला वाचून दाखवेल. इकडे नाशिकमध्ये ओळखीचे लोक वाचतील. वाचू देत.

तुमच्या श्रीआजोबांना तुम्ही स्क्रीनवर पाहिलंत ते मोठ्यानं हसणारे, शर्टाचं वरचं बटण तुटलेले. हा माणूस तीस वर्षं नाशिकच्या मुलांना जर्मन शिकवत होता. विलास येवल्याच्या विणकरांच्या घरातला. पैठणीच्या पदरावरची नक्षी तो आलेखाच्या कागदावर काढून द्यायचा. कुणी एक जर्मन बाई त्यांच्याकडून पैठणी घेऊन गेली आणि तिचं कौतुकाचं पत्र आलं, ते जर्मनमध्ये. ते वाचून घ्यायला विलास एसटीनं श्रीकडे आला. पत्र एका पानाचं होतं. श्री म्हणायचा, "मी ते चार बैठकांत वाचलं."

पुढं विलास नाशिकला आला आणि श्रीच्या घरी राहू लागला तो एकतीस वर्षं. आमच्या घराण्यात त्याला 'भाडेकरू' म्हणत. घराच्या कागदांवर दोघांचीही नावं होती, तरी भाडेकरूच. दिवाळीत आमच्या थोरल्या वहिनी श्रीला फराळाचा डबा पाठवताना सांगायच्या, "तुमच्या भाडेकरूलाही द्या हो त्यातलं." मला सगळं ठाऊक होतं. मी कधी विचारलं नाही. याला मी सभ्यपणा म्हणत असे.

श्रीला कुठूनसा एक माहितीपट मिळाला. त्यात अगदी म्हातारी माणसं कॅमेऱ्यासमोर बसून बोलतात. पुरुषानं पुरुषावर प्रेम केलं म्हणून नाझींनी त्यांना पकडलं, छावण्यांत टाकलं, कपड्यांवर गुलाबी त्रिकोण शिवला. त्यातून जी थोडी वाचली, ती ही माणसं. श्रीला तो आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात दाखवायचा होता आणि मराठी हवंच होतं. म्हणून दीड महिना रोज दुपारी तो माझ्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसायचा. तो जर्मन ऐकून मराठी सांगायचा, मी ते खालच्या इंग्रजी ओळींशी ताडून वहीत उतरवायचे. प्रत्येक वाक्याला क्रमांक. तुमच्या आजीला क्रमांकाशिवाय काही जमत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

एकदा मी विचारलं, "युद्ध संपल्यावर तरी ही माणसं आपापल्या घरी गेली ना?" श्री म्हणाला, "घरी गेली, पण सांगायची सोय नव्हती." छावण्यांची दारं उघडली, पण असं प्रेम हा गुन्हा ठरवणारं कलम पश्चिम जर्मनीत तसंच राहिलं. काहींना पुन्हा तुरुंगात घातलं. छळ झालेल्यांच्या यादीत यांची नावं कितीतरी वर्षं आलीच नाहीत. जोडीदार छावणीत मेला असेल, तर त्याच्याबद्दल कुठल्या कचेरीत जाऊन विचारायचं आणि कोण म्हणून विचारायचं? दुःख झालं तरी ते कुणाच्या नावानं करायचं?... मी लिहायची थांबले. आणि आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "श्री, विलास तुझा कोण?"

तो हसायला लागला. "एवढ्या वर्षांनी विचारतेस? आधी तुझं एकशे बारावं वाक्य पुरं कर." मी ते पुरं केलं. मग तो म्हणाला, "मी मेलो तर ज्याचं सगळ्यात जास्त जाणार आहे, तो. आणि तुमच्यापैकी एकालाही ते दिसणार नाही, बघ."

"मला दिसेल," मी म्हणाले. किती सहज म्हणाले!

कारण पुढच्याच आठवड्यात मी काय केलं ते ऐका. संघाची चिटणीस मीच. कार्यक्रमाची सूचना फळ्यावर मीच लिहायची. मी सुंदर अक्षरात लिहिलं, 'माहितीपट: दुसऱ्या महायुद्धातील आठवणी'. श्री आला, त्यानं ते वाचलं, डस्टर उचलला आणि मला म्हणाला, "ताई, नव्वदीला आल्यावर हे लोक तोंड उघडतात, आणि तू त्यांना परत झाकतेस?" मी म्हणाले, "अरे, लोक यायला नकोत का?" तो म्हणाला, "कशाला यायला?" आणि फळा पुसून मोठ्या अक्षरात लिहिलं: 'नाझी छावण्यांतून वाचलेले समलिंगी पुरुष. त्यांची हकिगत त्यांच्याच तोंडून.' आपल्याकडचं तसलंच कलमही तेव्हा अजून कायद्याच्या पुस्तकात होतं.

संघाचे अध्यक्ष फळा पाहून घरी गेले. फौजेतून निवृत्त झालेले सुभेदारकाका मात्र दारात उभे. "सर, यात रणगाडे आहेत का?"

"नाहीत."

"विमानं?"

"माणसं आहेत, काका."

"बरं, बसतो. घरी तरी काय, सुनेनं मालिका लावली असेल."

श्री पडद्याशेजारी उभा राहून माझ्या वहीतून वाचत होता. चित्रफीत थांबवायची, मराठी सांगायचं, पुन्हा सुरू करायची. मध्येच पडद्यावरचे एक आजोबा विचारणाऱ्यावरच भडकतात, आणि श्रीनं तेही तशाच चढ्या आवाजात सांगितलं. शेवटी संघातल्या, चांदवड माहेर असलेल्या पाटीलबाई उठल्या. "सर, या म्हाताऱ्यांना आता जेवायला कोण वाढतं हो?"

"बहुतेकांना कुणी नाही."

"मग कसले सुटले ते!" म्हणाल्या आणि पदर सावरून बसल्या. विलास मागच्या दाराशी बुटांजवळ उभा होता. तो तिथून हलला नाही.

आता परत दवाखान्याच्या दिवसाकडे येते. सही झाली, आणि वर्तमानपत्राला बातमी द्यायची म्हणून मी तिथल्याच बाकावर बसून चार ओळी लिहिल्या. मजकूर ठरलेला असतो. 'ते अविवाहित होते. त्यांच्या पश्चात बहीण, पुतणे असा परिवार आहे.' व्याकरण तपासलं आणि पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते छापलेलं वाचलं, आणि त्यात विलास कुठंच नव्हता. पुन्हा तेच केलं होतं मी. आणि या वेळी डस्टर घेऊन येणारा नव्हता.

आमच्या थोरल्या भावाचा मुलगा मंदार पुण्याहून आला होता. अग्नी त्यानंच दिला, गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, दशक्रियाही त्यानंच केली, मनापासून केली. मुलगा वाईट नाही. विलास घाटावर सगळ्यांच्या चपला सांभाळत बसला होता. गुरुजींनी घरच्यांना पुढं बोलावलं तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि मी नजर खाली केली. हे मी लिहायलाच हवं.

चौदाव्या दिवशी दुखवटा. तुम्हाला ठाऊक नसेल. ज्यांचं माणूस गेलं त्यांना पाटावर बसवून आप्तेष्ट कपाळाला टिळा लावतात, टोपी घालतात, टॉवेल देतात. दुःख झालं ते तुम्हाला, आता उठा आणि कामाला लागा, असं सगळ्यांसमोर सांगायची ती रीत. श्रीच्याच घरी होता. मांडामांड माझ्याकडे, म्हणजे यादीही माझीच. पाट दोन: एक मंदारचा, एक त्याच्या धाकट्या भावाचा. पाहुणे जमले. मी पाट मोजले, यादी पाहिली. स्वयंपाकघरात विलास चहा गाळत होता, वीस माणसांचा. मी आत गेले, भिंतीला टेकवलेला तिसरा पाट उचलला आणि बाहेर आणून त्या दोघांच्या आधी, पहिला मांडला.

मंदार हळूच म्हणाला, "आत्या, हा कुणाला?"

"विलासला."

"अगं, ते भाडेकरू आहेत."

"एकतीस वर्षं? दाखव मला असा दुसरा भाडेकरू."

"आत्या, प्लीज. लोक काय म्हणतील?"

"लोक इथेच बसलेत. विचार त्यांना."

विलास दारात आला, हातात गाळणं तसंच. "ताई, नको. सरांना असलं काही आवडलं नसतं."

"श्रीला काय आवडत होतं ते मी त्याच्या जन्मापासून बघितलंय. बस."

तो हलेना. तेव्हा भेटायला आलेल्या पाटीलबाई उठल्या आणि त्यांनी त्याच्या हातातलं गाळणं काढून घेतलं. "बसा हो विलासभाऊ. चहा काय, मी बघते. साखर कुठं ठेवलीय तेवढं सांगा."

तो बसला. टिळा लावायला कुणी पुढं येईना, म्हणून मी कुंकवाची वाटी उचलली. थोरल्या जाऊबाई पुटपुटल्या, "तुम्ही कशा लावणार? तुम्ही..." तुमचे आजोबा जाऊन नऊ वर्षं झाली, असं त्यांना म्हणायचं होतं. मी म्हणाले, "नवरा गेल्यावर काय होतं ते या खोलीत मला आणि विलासला माहीत आहे. मीच लावणार." टिळा लावला, टोपी घातली. आणि मग जे चौदा दिवसांत दवाखान्यात, घाटावर, कुठंच झालं नव्हतं ते झालं. विलास रडला. लहान मुलासारखा, तोंड उघडं टाकून, सगळ्यांसमोर. सुभेदारकाकांनी पुढं होऊन त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि हात तिथंच ठेवला.

मंदारनं आपल्या पाटावर बसून टिळा लावून घेतला, पण जेवला नाही. दुपारीच पुण्याला निघून गेला. त्यानंतर त्याचा फोन नाही. माझे फोन तो उचलत नाही. मला त्याचं दुःख आहे, पश्चात्ताप नाही. तो पाट मी उद्याही मांडेन.

आता दर गुरुवारी मी त्या घरी जाते. श्रीच्या खोलीत त्याचे शब्दकोश, त्याची खुर्ची, पाठीला लावायची उशी, सगळं जागच्या जागी. मी विलासला म्हणाले, "तू बोल, मी फोनवर तुझा आवाज टिपून घेते." दोन गुरुवार तो नको म्हणाला. तिसऱ्या गुरुवारी गेले तर केस विंचरून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसलेला.

"नाव बदलायचं का रे?" मी विचारलं.

"कशाला? माझंच घाला."

"बरं, सुरुवात कुठून करतोस?"

तो विचारात पडला. "सर घोरायचे, तिथून केली तर चालेल?"

चालेल म्हटलं. तासभर बोलला. घोरणं, येवल्याची एसटी, गवारीवरून झालेली भांडणं, श्री तापात कुठली गाणी म्हणायचा ते, आणि शेवटच्या सकाळचं सगळं. मध्ये दोनदा बराच वेळ गप्प बसला. मी फोन बंद केला नाही.

ते सगळं मी तुम्हाला पाठवते आहे. तुमचं मराठी कच्चं आहे, तिथल्या लोकांना तर काहीच कळणार नाही. तेव्हा त्याचं इंग्रजी करा. दुपारी दोघं एका टेबलावर बसा, एकानं ऐकायचं, एकानं लिहायचं, श्रीआजोबा आणि मी बसायचो तसं. अडलं तर मला फोन करा, एखादा शब्द चुकला तरी चालेल.

गाळू मात्र एकही नका. विलास गप्प बसला आहे ती जागासुद्धा.