बन्सीधरच्या अंगावर पित्त उठलं

बन्सीधर जिंतूरच्या एका कॉलेजात रसायनाच्या प्रयोगशाळेत शिपाई. बावीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या, पण आत काय घडतं ते कधी बघितलं नाही. पोरांवर मात्र भारी जीव. बारावीच्या प्रात्यक्षिकाला बाटलीतल्या पाण्यात कोणता धातू विरघळलाय, ते ओळखायचं असे. बाटल्या बन्सीधरच भरायचा आणि परीक्षा सुरू झाली की दारात उभा राहून खूण करायचा. कान खाजवला तर शिसं, नाक म्हणजे ॲल्युमिनियम, मान म्हणजे जस्त, पोट म्हणजे बेरियम.

यंदा पहिल्या तुकडीला शिसं होतं. आदल्या दिवशी बन्सीधरनं बहिणीकडे वांग्याचं भरीत तीनदा मागून खाल्लं होतं. सकाळी त्यानं इमानानं कान खाजवला आणि तेवढ्यात अंगभर पित्त उठलं. मान, नाक, पोट, पुन्हा मान. हात थांबेना. पोरं लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची.

पुढच्या टेबलावरचा वरद कुजबुजला, "मामा, एकच काय ते सांगा की!"

"आरं, मला खाजायलंय!"

बाहेरून आलेले परीक्षक विष्णुपंत सर वरदपाशी थांबले. "जस्त कशावरून लिहिलंस?"

"मानेवरून, सर."

"कुणाच्या मानेवरून?"

वरदनं दाराकडे बघितलं. बन्सीधर चौकटीला पाठ घासत होता.

"आणि पाठ म्हणजे काय?"

"पाठ सिलॅबसमध्ये न्हाई, सर."

कोपऱ्यात कपाटाआड प्रियांका बसली होती. तिला दार दिसतच नव्हतं, म्हणून बिचारीनं प्रयोग केला होता. तिच्या नळीत शिशाचा पिवळाधमक साका बसला होता आणि पेपरात शिसं लिहिलेलं होतं.

विष्णुपंतांनी सगळ्यांना पुन्हा प्रयोग करायला लावला. "आधी बन्सीधर, तुम्ही."

बन्सीधरनं नळीत पोटॅशियम आयोडाइडचे दोन थेंब सोडले. पाण्यासारखं पाणी, त्यात पाण्यासारखा थेंब, आणि एकदम हळद उठली! त्याची खाज जागच्या जागी थांबली.

"सर, हे दरवर्षी असंच होतं?"

"दरवर्षी."

"आन् मी नुसतं धूत बसलो की वो!"

दुसऱ्या तुकडीला खूण मिळाली नाही. बन्सीधर टेबलाटेबलाशी वाकून "पिवळं आलं का?" विचारत हिंडत होता. त्या तुकडीला बेरियम होतं. निम्म्या पोरांनी शिसं लिहिलं. शेवटी विष्णुपंतांनी त्याला बाहेर स्टुलावर नेऊन बसवलं.