मामाची टाकी

संडासाला जीव लावणारा माणूस अख्ख्या नवी मुंबईत एकच होऊन गेला, आणि तो माझा सख्खा मामा होता. लोक पाहुण्यांना घर दाखवतात, मुलांची बक्षिसं दाखवतात. मामा आपल्या शिडाच्या होडीवरचा संडास दाखवायचा, आणि तोही चहाच्या आधी. गोदीतली नोकरी संपल्यावर तो वाशीला राहायला आला. तेव्हा वाशीत सेक्टर आले होते, माणसं अजून यायची होती. शहाण्या माणसाने अशा वेळी फ्लॅटला ग्रिल लावून घेतली असती. मामाने एक जुनी होडी घेतली, खाडीच्या धक्क्याला बांधली, आणि शिडाला हात लावायच्या आधी तिच्या पोटात कपाटाएवढी खोली करून तीत संडास बसवला. हातपंपाने खाडीचं पाणी आत ओढायचं आणि त्याच पंपाने सगळं पुढे एका बंद टाकीत ढकलायचं, अशी ती व्यवस्था.

या सगळ्याचं कारण मामी. तिला साखरेचा आजार. घडीघडी उठावं लागायचं, आणि त्या धास्तीने तिने लग्नकार्यं सोडली, देवदर्शन सोडलं, खाडीकाठच्या माहेरी जाणंसुद्धा सोडलं. दिवसभर खिडकीत बसून खाडीकडे बघायची. मामाला ते बघवत नसे. "हिला एकदा होडीतून फिरवून आणली की मी सुटलो," असं तो मला शंभरदा म्हणाला असेल. मामी मात्र म्हणायची, "तुमच्या त्या डबड्यात मी मेले तरी बसायची नाही."

म्हणून मामा त्या डबड्याची बडदास्त ठेवी. पंपाचा चामड्याचा वायसर कोरडा पडू नये म्हणून त्याला मामीचं खोबरेल तेल. खाऱ्या पाण्याने पाइपात थर धरतो, म्हणून दर रविवारी व्हिनेगर. एवढ्या बाटल्या बघून वाण्याने एकदा विचारलं, "काका, लोणच्याचा धंदा काढलाय काय?" मामा म्हणाला, "छे हो, संडासाला पाजतो." वाण्याने पुन्हा चौकशी केली नाही. पंप कसा मारायचा याचा तर तो वर्गच घ्यायचा. "भांडं स्वच्छ दिसलं म्हणून थांबू नकोस, गाढवा! भांड्यातून गेलंय, पाइपातून जायचंय अजून." आणि नळाच्या कामात मामा चुकला, असं कधी घडलंच नाही. सोसायटीत त्याने बसवलेला नळ गळायला लागला, तेव्हाही त्याने एक तास वाद घालून चूक पाण्याची आहे हे सेक्रेटरीच्या गळी उतरवलं होतं.

टाकी खाडीत रिकामी करायला तो काही केल्या तयार नव्हता. शेजारी जाळी सुकवणारा वाशी गावातला कोळी हसायचा. "सायेब, खारीत मासली पन हागतान. त्यांना कोन टाकी बसवतं?" मामा भडकायचा. "तुझी बायको ज्या पाण्यातली मासळी माझ्या दारात आणून विकते, त्यात मी हे सोडू? लाज नाही वाटणार मला?" मग टाकी उपसून, झाकणाच्या डब्यांत भरून, सायकलला अडकवून त्याची स्वारी गटाराच्या चेंबरकडे निघायची. ते दिवस रॉकेलच्या टंचाईचे. डबे दिसले की लोक मागे लागायचे, "काका, कुठे मिळालं? रांग मोठी आहे का?" एक बाई तर अर्धा सेक्टर पाठोपाठ आली. शेवटी मामा सायकलवरून उतरला आणि अदबीने म्हणाला, "बाई, हे घरचं आहे."

अखेर एका नारळी पौर्णिमेला मामी तयार झाली. कोळ्याच्या बायकोने हाताला धरूनच नेली म्हणा ना! मामा पांढरा झब्बा घालून हजर, हौसेने नुसता फुलून गेलेला. मामीने होडीची पूजा केली, नारळ वाहिला, हळदकुंकू वाहिलं. भरती आली आणि आम्ही तिघे निघालो. वारा छान होता. मामी चक्क हसत होती. मग ती त्या खोलीत गेली, आणि थोड्या वेळाने आतून आवाज आला, "अहो, हा पंप हलेना!"

मामा धावला. मामीला बाहेर काढून त्याने सगळं अंग टाकून दांडा दाबला. फटकन आवाज झाला, टाकीकडचा पाइप निसटला आणि मामाचं काय झालं ते मी लिहीत नाही. मामीचं तोंड एवढंसं झालं. "मी म्हटलं नव्हतं? माझ्यामुळे सगळ्यांना त्रास. मला घरी सोडा, मी परत नाही यायची."

टाकीतली हवा बाहेर जायला होडीच्या कडेला एक पितळी नळी होती. मामाने तिकडे पाहिलं, मीही पाहिलं. नळीत अर्धं केळं गच्च बसलं होतं आणि त्यात अगरबत्ती खोचलेली होती. पूजेला बरी सोय दिसली म्हणून मामीनेच ते बसवलं होतं. हवा कोंडली आणि टाकी तुंबली. मी तोंड उघडणार तेवढ्यात मामाने माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं. हळूच केळं उपसून त्याने खिशात घातलं, आणि मामीला म्हणाला, "तुझा काय संबंध? व्हॉल्व्ह मीच उलटा बसवला. चुकलो मी. पुढच्या रविवारी बघ, लोण्यासारखा चालेल."

पुढच्या रविवारी मामी आली. त्याच्या पुढच्याही आली. मामा होता तोवर ती येतच राहिली, आणि एकदा तर होडीतून थेट माहेरच्या गावी जाऊन जेवून आली.

मामा गेल्यावर होडी विकायची ठरली, तेव्हा मी मामीला ते केळ्याचं सांगायला लागलो. तिने मला मध्येच थांबवलं.

"झब्बा मीच धुतला ना रे. खिशात हात घातला तर अगरबत्तीची काडी बोटाला टोचली."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? जन्मात एकदा 'चुकलो' म्हणाले. तेही खोटं, माझ्यासाठी."  मग ती उठून आत गेली आणि खोबरेलची बाटली आणून तिने माझ्या हातात ठेवली.

"होडी घेणाऱ्याला दे. म्हणावं, वायसर कोरडा पडू देऊ नका."