फॉर्मालिनमधले पाच दिवस

नंजुंडय्या मेंदू कापायचा. लग्न ठरवताना हे सांगायची सोय नव्हती, म्हणून मळवळ्ळीच्या सासऱ्यांना 'बेंगळुरात मोठ्या प्रयोगशाळेत मशीनवर असतो' एवढंच कळवलं गेलं. बायकोला, साकम्माला, खरं कळलं ते चार महिन्यांनी. दोन दिवस ती त्याच्या हातचं पाणीही प्यायली नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, "माणसांचे?" उंदरांचे, असं कळल्यावर तिच्या जिवात जीव आला.

भरती झाला तेव्हा तो बाटल्या धुवायचा. पण बाप गावात हजामत करणारा, त्यामुळे पात्याला धार लावायचं वळण अंगातच होतं. त्या काळी काप घ्यायच्या यंत्राचं पातं घासून घासून धारेला आणावं लागे, आणि प्रयोगशाळेच्या प्रमुख हेब्बार मॅडमनी एकदा त्यानं लावलेली धार पाहिली. तेव्हापासून बाटल्या सुटल्या. उंदराचा मेंदू एक दिवस फॉर्मालिनमध्ये मुरवायचा, मग साखरपाण्यात बुडू द्यायचा, गोठवायचा आणि केसाच्या निम्म्याहून पातळ काप घ्यायचे. इतरांचे काप फाटायचे, याचे ब्रशच्या टोकाला साईसारखे अलगद यायचे. त्या कामात त्याचा हात धरणारा साऱ्या इमारतीत कुणी नव्हता. हे त्याला माहीत होतं आणि तो ते दुसऱ्यांना विसरूही देत नसे.

मॅडमचा विषय मज्जापेशींचा. पेशी मरतात ते कळतं. पण तिथे सूज येते ती वाचवायला की मारायला, हे त्या शोधत होत्या. "आगीपेक्षा विझवायला आलेली माणसंच घराची जास्त मोडतोड करतात, नंजुंडय्या," असं त्या समजावायच्या. सांधेदुखीचं एक जुनं औषध त्यांनी उंदरांना देऊन पाहिलं. सुजेच्या पेशी रंगवल्या की तपकिरी दिसतात. कोऱ्या, म्हणजे औषध न दिलेल्या, उंदरांच्या कापांत तपकिरी ठिपक्यांची गर्दी होती, औषधवाल्यांच्या कापांत ते मोजकेच होते. मज्जापेशी वाचलेल्या मात्र दिसल्या नाहीत. पण सूज उतरली म्हणजे पुढेमागे त्याही वाचतील, असं मॅडमनी लिहिलं.

तो निबंध परदेशी मासिकात छापून आला. शेवटच्या आभारांत नंजुंडय्याचं नाव होतं. त्यानं ते पान प्लास्टिकात मढवून नंजनगूडच्या देवाच्या तसबिरीशेजारी टांगलं. इंग्रजी वाचता येत नसलेल्या पाहुण्यांनाही तो ते बोटानं दाखवायचा.

त्यानंतर पाच वर्षांनी साकम्माचा उजवा हात थरथरायला लागला. इस्पितळात आजाराचं नाव सांगितलं ते नंजुंडय्याला पाठच होतं. त्याच आजाराचे उंदीर तो वर्षानुवर्षं कापत आला होता. आणि त्याच इस्पितळात मॅडमचं औषध माणसांवर तपासून पाहणार होते. अट एकच होती. वर्षभर या आजाराची नेहमीची गोळी सुरू करायची नाही, नाहीतर कशाचा गुण आला ते कळणार नाही. डॉक्टर म्हणाले, अर्ध्या लोकांना खरी गोळी मिळेल, अर्ध्यांना नुसती खडूची, आणि कुणाला कुठली ते आम्हालाही ठाऊक नसेल. घाई नाही, विचार करा. नंजुंडय्यानं कसला विचार केला? ज्या औषधानं तपकिरी ठिपके गेलेले त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, त्याला कोण नको म्हणेल? त्यानं मॅडमकडे शब्द टाकला आणि साकम्माचं नाव यादीत चढलं.

दहा महिने गेले. साकम्माचा पाय फरफटायला लागला. रागीचा मुद्दा, म्हणजे नाचणीच्या उकडीचा गोळा, ती ओल्या हातानं एका झटक्यात गोल करायची, तो आता तिच्या हातून ताटात पसरायचा. "बरं वाटतंय का?" असं विचारलं की "वाटतंय की," म्हणायची.

अशातच दोन परदेशी प्रयोगशाळांनी कळवलं की आम्हाला काही हा गुण दिसत नाही. मॅडम हट्टाच्या. त्यांनी प्रयोग पुन्हा मांडला. या खेपेला दोन्ही गटांचे उंदीर मिसळून घेतले, कापले नंजुंडय्यानंच. कुठला काप कुणाचा हे न बघता मॅडमनी ठिपके मोजले आणि मग यादी उघडली. दोन्हीकडे सारखीच गर्दी.

"मागच्या वेळी काय वेगळं होतं हो?" मॅडमनी विचारलं. तो म्हणाला, "सगळं तेच, मॅडम."

त्याच दुपारी त्यानं कपाटातली जुनी वही काढली. कोऱ्या गटाचे मेंदू आठवडाभर आधीच उरकले होते, एक दिवस फॉर्मालिन आणि बाहेर. औषधवाल्यांच्या पानावर हळदीकुंकवाचा वाळलेला डाग होता. ती आयुधपूजा. यंत्राला, पात्याला, वहीला फुलं वाहायची आणि खोली बंद करायची. पुजलेल्या हत्याराला कुणी हात लावायचा नाही, मग ते बेंगळुरातल्या विज्ञानाचं का असेना. त्यानं गुरुवारी मेंदू फॉर्मालिनच्या बरण्यांत टाकले होते. शुक्रवारी पूजा, मग दसरा, मग रविवार. सोमवारी तो आलाच नाही. काढल्याची तारीख मंगळवारची, त्याच्याच अक्षरात.

फॉर्मालिनमध्ये जास्त मुरलेला मेंदू रंग धरत नाही, हे तो नवीन पोरांना पहिल्याच दिवशी शिकवायचा. सूज उतरलीच नव्हती, ती फक्त रंगली नव्हती.

सांगितलं तर मॅडमची आयुष्यभराची अब्रू जाणार, भिंतीवरचं पान जाणार. नाही सांगितलं तर साकम्मा त्या पोकळ गोळीवर आणखी दोन महिने काढणार. कुणीही शहाणा माणूस यातलं काय निवडायचं ते एका क्षणात सांगेल. नंजुंडय्या सहा दिवस मिठाची गुळणी धरून बसला. रोज सकाळी तिच्या हातावर गोळी ठेवायचा, पाण्याचा पेला धरायचा आणि कामावर जायचा. त्याला माफ करावं असं मला वाटत नाही, पण एकतीस वर्षं ज्या हाताचं कौतुक झालं त्या हातानं आपली चूक दाखवणं किती जड असतं, तेही मी जाणतो.

सहाव्या दिवशी साकम्मा न्हाणीघरात पडली. खुबा मोडला.

तिला वॉर्डात ठेवून तो तसाच प्रयोगशाळेत गेला, ती पडल्याचं सांगितलं आणि वही मॅडमसमोर उघडून ठेवली. मॅडमनी डागावरून बोट फिरवलं, दोन्ही तारखा वाचल्या.

"गट मिसळून घेतले असते तर तेव्हाच कळलं असतं," त्या म्हणाल्या. "ते बघायचं काम माझं होतं, तुमचं नव्हे. कधी कळलं तुम्हाला?"

"सहा दिवस झाले."

त्यांनी चष्मा काढला. "आणि साकम्मा पडली कधी?"



मॅडमनी निबंध मागे घेतला. इस्पितळानं तपासणी थांबवली आणि यादी उघडली. साकम्माला खरी गोळी मिळत होती. खडूची असती तरी तेवढाच गुण आला असता. नेहमीचं औषध सुरू झालं आणि पंधरा दिवसांत तिच्या हाताचा कंप निम्म्यावर आला. चमचा धरता येऊ लागला. खुब्याचं मात्र डॉक्टर स्पष्टच म्हणाले, आता वॉकरशिवाय चालणं कठीण.

मग त्यानं तिला सगळं सांगितलं. बरण्या, पूजा, मंगळवार, ते सहा दिवस. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. सारभात तसाच निवला.

"दहा महिने मी खोटंच बरं वाटतंय म्हणत होते," ती भिंतीकडे बघतच म्हणाली. "तुमचं औषध म्हणून. सहा दिवस तुम्हाला तोंड उघडता आलं नाही."

मग ती वळली, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुसरंच काहीतरी होतं. ती बोटांवर काहीतरी मोजत होती.

"अहो, ही पूजा कुठल्या वर्षीची? आपण मळवळ्ळीला गेलो होतो, ती का? तुम्ही सोमवारी परत निघाला होतात. मीच म्हटलं, सणाचं माहेर एक दिवस तरी पोटभर भोगू दे. थांबवलं मी."

ती होती तीच पूजा. बस स्टँडवर तिनं त्याच्या हातातली पिशवी काढून घेतली होती आणि हसली होती, तेही त्याला आठवत होतं.

"छे," नंजुंडय्या म्हणाला. "ते त्याच्या पुढल्या वर्षी. या पूजेला मी इथेच होतो. आळस केला, झालं."

तिनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. तारखांच्या बाबतीत तो कधी चुकत नाही, हे तिला लग्नापासून माहीत होतं. मग तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "बरं." त्यानं गार झालेलं ताट उचललं आणि चमच्यानं तिला भात भरवायला घेतला.