येनटोल्याचा रस्ता

माझा नवरा लेखक आहे हे मी सहसा कुणाला सांगत नाही. सांगितलं की लोक विचारतात, पुस्तक कोणतं? मग म्हणावं लागतं, पुस्तक नाही, ऑनलाइन लिहितात. त्यावर लोक 'अस्सं' म्हणतात आणि माझ्या ट्यूशनला किती मुलं येतात ते विचारतात.

माझे वडील जवाहरनगरच्या कारखान्यात होते. सकाळी बस, संध्याकाळी बस, ठरल्या तारखेला पगार. काम म्हणजे काय ते मला त्या बसवरून ठाऊक होतं. लग्न होऊन अड्याळला आले तेव्हा कळलं की माणूस दिवसभर घरातच राहून, कुठल्याही बसमध्ये न चढता, पार दमून जाऊ शकतो.

संघपालचं काम असं. पुण्याच्या एका साइटसाठी रोज चार लेख लिहायचे. विषय सकाळी फोनवर येतात. ते अंकुश सर पाठवतो. हा अंकुश सर वयानं संघपालपेक्षा लहान आहे, पण तिकडे सगळेच सर. 'उन्हाळ्यात ताक पिण्याचे फायदे', 'केस गळतात? हे करून पाहा', 'स्वप्नात साप दिसला तर'. आमच्या घरात स्वप्नातल्या सापाला कुणी काडीची किंमत देत नाही. आजेसासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच ते सगळं नदीत सोडलं. त्यांचा नातू मात्र भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे पाठ करून सापाचे अर्थ लिहितो. जितके लोक वाचतील तितके पैसे. लेख चांगला झाला की वाईट, हा त्या हिशेबात प्रश्नच नाही.

दुसरा कुणी असता तर चहा प्यायच्या आत ताक संपवलं असतं. याचं तसं नाही. दोन ओळी लिहायच्या, पुसायच्या, उठायचं, अंगणातल्या नळाभोवती फेऱ्या मारायच्या, परत येऊन त्याच दोन ओळी लिहायच्या. चारांतला एक लेख नीट होतो आणि तोवर दिवस मावळायला येतो. मग उरलेले तीन घाईघाईत उरकतो आणि जेवताना कुणाशी बोलत नाही.

"ताकच हाय ना ते?" मी एकदा म्हटलं. "प्या म्हणा आणि मोकळे व्हा."

"ताकाले चव लागते," तो म्हणाला, "मंग वाक्याले काहून नाही?"

अशा माणसाशी काय भांडायचं? तरी मी भांडायचे.

या सगळ्यात त्याचं स्वतःचं एक लिखाण चाललं होतं. येनटोल्याबद्दल. येनटोला म्हणजे त्याचं गाव. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. घरं, शाळा, विहार, सगळंच. माणसं कुणी पुनर्वसनात, कुणी पवनीला, कुणी आमच्यासारखी अड्याळला पांगली. पण उन्हाळ्यात पाणी उतरलं की गावाचा उंचावरचा भाग उघडा पडतो. भिंती केव्हाच विरघळल्या, दगडी जोती तेवढी राहिली आहेत. बुद्ध पौर्णिमेनंतरच्या रविवारी सगळे येनटोलेकर तिथे जातात. विहाराच्या ओट्यावर वंदना होते. त्याआधी ज्यानं त्यानं आपापलं जोतं झाडायचं, त्यावर बसायचं, आणि शेजारच्या जोत्यावर बसलेल्याला हाक मारायची, काय रांधलं म्हणून.

माझी पहिली खेप होती तेव्हा मी सरळ बाजूनं जोत्यावर चढले. संघपालची आजी, धुरपताबाई, तिथे खराटा घेऊन उभी होती. याला लहानपणापासून तिनंच वाढवलेला.

"दारातून ये, पोरी," ती म्हणाली.

मी पाहिलं तर सगळे तसंच करत होते. भिंत म्हणून काही नव्हतं, तरी जिथे भिंत होती तिथून कुणी पाय टाकत नव्हतं. वळसा घालून, दोन दगडांमधल्या जागेतून आत. शेजारच्या घरचे डोमाकाका तर आत शिरताना वाकत होते, कारण त्यांच्या दाराची चौकट बुटकी होती. मला हसू आलं, पण मी वळसा घेतला.

हे सगळं संघपालनं लिहिलं. त्यातही रस्ता. डांबरी सडक संपते तिथून पुढची तीन मोहाची झाडं, कोरडा नाला, तारा नसलेला वाकडा खांब आणि मग चिंचेचा जळका बुंधा. बुंध्यापाशी डावीकडे वळायचं, कारण उजवीकडचा गाळ वरून वाळलेला दिसतो पण गुडघ्यापर्यंत आत घेतो. रस्ता बरोबर उतरला की नाही हे बघायला तो दोनदा तिकडे जाऊन आला. मला वाचून दाखवलं तेव्हा मी तव्यापुढे होते. मी फार कौतुक करणारी बाई नाही, पण त्या दिवशी माझी पोळी करपली आणि ती करपतेय हे मला कळलं नाही.

तो लेख त्यानं अंकुश सरला पाठवला.

"तिथं कायले?" मी विचारलं.

"मंग कुठं?" तो म्हणाला.

त्याला तो कुणीतरी वाचायला हवा होता, आणि वाचणारे तिथेच होते.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये लेख लागला. वर मथळा होता: 'पाण्यातून वर येतं भुतांचं गाव! वाट वाचाल तर अंगावर काटा येईल'. संघपालनं फोन लावला. मला स्पीकरवर ऐकू येत होतं. अंकुश सर शांतपणे म्हणाला, "दादा, आतलं तुमचं एक वाक्य बदललं नाही. हवं तर बघा. पण वरचं ते नसतं तर आत कोण आलं असतं?"

लेख धावला. वर्षभरात मिळून जेवढ्यांनी याला वाचलं नव्हतं तेवढे लोक एका आठवड्यात वाचून गेले. संघपाल त्या मथळ्याला शिव्या द्यायचा आणि पुन्हा फोन उघडून आकडा किती झाला ते बघायचा. जेवता जेवता बघायचा. बोट भाजीत आणि डोळा फोनवर. पैसे आले, त्यातून आम्ही कूलर घेतला. कूलर चांगला आहे, अजून चालतो, आणि मी त्याची लाज बाळगणार नाही.

मग तो रविवार आला. आम्ही मोहाच्या झाडांपाशी पोचलो तर मोटरसायकलींची रांग. पुढे सगळीकडे पोरंपोरी. विहाराच्या ओट्यावर दोघी गाणं लावून नाचत होत्या, समोर एकजण फोन धरून. डोमाकाकांच्या जोत्यावर चुलीचे तीन दगड वर्षानुवर्षं जागचे हलले नव्हते, तिथे कुणीतरी बूट वाळत घातले होते. डोमाकाका लांब उभे राहून त्या बुटांकडे बघत राहिले.

आजी आपल्या दाराच्या जागी उभी होती, हातात खराटा. एक पोरगा मागच्या भिंतीच्या जागेवरून उडी मारून जोत्यावर आला आणि तिच्या तोंडापुढे फोन धरला.

"आजी, तुम्ही भूत पाह्यलं का?"

"दारातून ये," आजी म्हणाली.

"दार कुठंय?"

तिनं खराट्यानं दाखवलं. तो हसला आणि फोनमध्ये तोंड घालून म्हणाला, "बघा मित्रांनो, आजीला अजून दार दिसून राह्यलं."

मी त्याला काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो घाबरून उतरला, तेही भिंतीवरूनच. आजी आत गेलीच नाही. खराटा काखेत धरून मागे फिरली. आणलेलं जेवण आम्ही तसंच परत नेलं.

परतताना संघपालनं एका पोराला थांबवलं. चांगला दिसत होता तो, अदबीनं बोलला. इथे पाटी नाही, काही नाही, रस्ता कसा सापडला म्हणून यानं विचारलं. पोरानं फोन दाखवला. "लेखात सगळं लिहेल हाय ना दादा. बुंध्यापासून डावीकडे. ज्यानं लिहिलं त्यानं लय भारी लिहिलं. एकही जण चुकला नाही."

संघपाल घरी आल्यावर नळाभोवती फिरत राहिला. मी पाणी दिलं तेव्हा म्हणाला, "मथळ्यानं बोलावलं असंल त्याइले. पण नेलं म्या. वाईट लिहिलं असतं तर सगळे गाळात फसले असते."

मला हसू आलं. त्याला आलं नाही. मग मलाही वाईट वाटलं. खूप वाटलं.

लेख काढून टाका म्हणून त्यानं अंकुश सरला सांगितलं. अंकुश सर म्हणाला, "सगळ्यात चालणारा लेख कुणी काढतं का? आणि आता तो साइटचा आहे. तुम्ही भाग दोन द्या, सगळे विचारतायत." मी म्हटलं, सोडून द्या ती साइट. "सोडून काय करू?" तो ओरडला. मग माझ्या ट्यूशनच्या मुलांसमोर ओरडलो म्हणून त्यांची माफी मागत बसला. कित्येक दिवस तो असाच होता. एका जागी टेकेना. अर्ध्या ताटावरून उठे. रस्त्यात कुणी 'भुतांचं गाव' म्हटलं की रंग उडे.

आणि एका सकाळी शांतपणे फोन करून त्यानं भाग दोन द्यायचं कबूल केलं. तीन, चार, पाचही.

"डोकं फिरलं का तुमचं?" मी विचारलं.

"त्या साइटवर काहीच मिटत नाही, तृप्ती," तो म्हणाला. "फक्त खाली दाबल्या जाते. वर नवा कचरा टाकत राहायचा. म्हणजे लोकाइले पहिले कचराच दिसते."

मग तो बसला. 'भुतांच्या गावाचं खरं ठिकाण सापडलं'. 'भुतांच्या गावात अमावस्येला काय होतं?' 'हा लेख वाचून एकट्यानं झोपू नका'. भुतांचं गाव त्यानं उचललं आणि पार दुसऱ्या तीरावर नेऊन ठेवलं. तिथे कुण्या ठेकेदाराचं एक सिमेंटचं पडकं गोदाम आहे, ज्यात कधी कुणी राहिलं नव्हतं. आता लोक जात असतील तर तिथे जातात. फोटोही काढतात म्हणे.

संसार सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच नळाभोवतीच्या फेऱ्या थांबल्या. चार लेख दुपारच्या आत. एक वाक्य पुसायचा नाही. मला हेच हवं होतं ना इतकी वर्षं? बरं वाटायला हवं होतं. पण तो जेवल्यावर ताटाकडे बघत बसायचा आणि मी आत-बाहेर करायचे. फेऱ्या आता माझ्याकडे आल्या होत्या. एकदा अंकुश सरचा फोन आला. "दादा, आता तुम्हाला खरं जमलं," तो मनापासून म्हणाला. संघपालनं फोन ठेवला, अंगणात गेला आणि नळाखाली डोकं धरून बराच वेळ उभा राहिला.

दिवाळीपर्यंत काम झालं. येनटोल्याचा लेख खाली, आणखी खाली गेला. मग त्याचा आकडा हलायचा थांबला. त्याचं सगळ्यात चांगलं लिखाण आता कुणीच वाचत नव्हतं, आणि ही व्यवस्था त्यानंच केली होती.

यंदा पुन्हा तो रविवार आला. डोमाकाका सगळ्यांच्या आधी पुढे गेले आणि तिथून फोन केला. "कोणी नाही बाप्पा. सगळं रिकामं हाय. धुरपताले घेऊन या."

पण आजीचे गुडघे गेले होते. हिवाळ्यापासून ती ओसरीतून न्हाणीपर्यंत जाते तेवढंच. नाल्यापुढे गाडी जात नाही. संघपाल म्हणाला, पाठीवर नेतो.

"पाठीवर बसून आपल्या घरी कोण जाते?" आजी म्हणाली आणि तोंड फिरवलं.

म्हणून आम्हीही गेलो नाही. ती ओसरीत बसली, बाजूला खराटा. तो सकाळीच काढून ठेवला होता तिनं. संघपाल नळाभोवती फिरायला लागला. पुष्कळ दिवसांनी. मग एकाएकी तो आत आला, फोन घेतला आणि स्वतःचाच लेख शोधायला बसला. बराच वेळ लागला. स्वतःचा सगळा कचरा अंगठ्यानं वर वर सारत त्याला खाली जावं लागलं. अमावस्या गेली, गोदाम गेलं, मग शेवटी तो सापडला.

तो आजीजवळ जाऊन बसला. "आजी, येनटोल्याचं लिहिलं होतं म्या. वाचू का?"

तिनं मान हलवली. त्यानं मधूनच सुरुवात केली, तिला आवडेल तिथून. "आमच्या घराचं जोतं दोन हात उंच आहे. पूर्वेला..."

आजीनं हात वर केला.

"थांब. एकदम जोत्यावर कसा चढला?"

त्याला कळलं नाही. माझ्याकडे बघायला लागला. मला कळलं होतं.

"सडकेपासून चल," आजी म्हणाली. "दारातून ये."

तो पार वर गेला, जिथे डांबरी सडक संपते तिथे, आणि तिथून वाचायला लागला. मध्येच फोन थरथरला. अंकुश सरनं उद्याचे विषय पाठवले होते. ते त्यानं अंगठ्यानं बाजूला केले आणि वाचत राहिला. तीन मोहाची झाडं आली, कोरडा नाला आला, तारा नसलेला खांब आला. आजीचे डोळे मिटलेले होते. चिंचेच्या बुंध्यापाशी पोचल्यावर तिनं बसल्या जागी लुगडं घोट्याच्या वर उचलून धरलं, चिखल लागू नये म्हणून.