परवानगीचं पत्र

टेबलावर माझ्या नावाची पाटी होती. पितळेची नाही, जाड कागद दुमडून केलेली, पण पाटी. इंग्रजीत लिहिलेली, त्यामुळे मला वाचता आली नाही. माझं शिक्षण चौथीचं, आणि चौथीतही मी शेवटपर्यंत बसलो नाही. सगळे जाऊन बसले आणि एक खुर्ची उरली, तेव्हा ती माझी असणार हे मी ताडलं. घरी येताना पाटी खिशात घालून आणली आणि समोरच्या खोलीतल्या पोरीला दाखवली. तिनं वाचलं आणि हसली.

"आबा, तुमचं नाव आहे. आणि खाली लिहिलंय, उद्योग सल्लागार."

"मग? त्यात हसण्यासारखं काय?"

"हसत नाही हो. चांगलं दिसतंय."

सुरतेजवळ पलसाण्याच्या एका कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलच्या गेटवर मी एकतीस वर्षं काढली. आधी साधा चौकीदार, नंतर गेटचा मुख्य. ट्रक आत येताना कापडाचे ताके मोजायचे, बाहेर जाताना पुन्हा मोजायचे, पावतीशी ताडायचे. माझ्या गेटवरून पावतीशिवाय एक ताका बाहेर गेला नाही, हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन. रिटायर झाल्यावर बमरोलीच्या खोलीत बसून होतो. आमच्या भागात एका ट्रस्टनं कॉलेज काढलं होतं, बारावी झालेल्या आणि न झालेल्या पोरांसाठी. तिथं कॉम्प्युटरच्या चोऱ्या कशा रोखायच्या याचा वर्ग सुरू करायचं ठरलं. त्याला सल्लागार समिती लागते म्हणे. एक शिकलेला माणूस, एक धंद्यातला, एक वस्तीतला. शिकलेले म्हणून इंजिनिअरिंग कॉलेजचे एक प्राध्यापक आले. वस्तीतला म्हणून प्राचार्य मॅडम माझ्या दारात आल्या.

मी म्हटलं, "मी काय सल्ला देणार? मला मोबाईलवर फोन घेता येतो, लावता येत नाही."

त्या म्हणाल्या, "काका, गेट तर सांभाळलंय ना तुम्ही?"

ते मला पटलं. पाटीवर मात्र त्यांनी वस्तीऐवजी उद्योग लिहिलं. मला ते वाचता आलं असतं तरी मी दुरुस्त करायला लावलं नसतं.

पहिल्या बैठकीत प्राध्यापक साहेब बराच वेळ बोलले. बाहेरचा माणूस आत कसा शिरतो, भिंत कशी घालायची. मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, "साहेब, आत येणाऱ्याकडे सगळेच बघतात. बाहेर जाणाऱ्याकडे बघा. माल आत येताना कोणी चोरत नाही." ते थांबले. चष्मा काढला, वहीत लिहून घेतलं. एकतीस वर्षांत माझं बोलणं कोणी लिहून घेतलं नव्हतं. त्या दिवशी घरी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

समोरच्या पोरीला त्या वर्गात मीच घातलं. बाप लूमवर, आई घरात साड्यांना खडे चिकटवते. पोरगी बारावी झाली होती आणि आईशेजारी बसून खडे चिकटवायला लागली होती. मी मॅडमना सांगितलं, ही माझी जबाबदारी. वर्गात ती पहिली आली. संध्याकाळी मी ओट्यावर बसलो की येऊन सांगायची, आबा, आज हे शिकवलं, आबा, आज ते. मला निम्मं कळायचं नाही. मी मान हलवायचो.

दुसऱ्या बैठकीत प्रश्न निघाला की पोरांना खरीखुरी जागा दाखवायची कुठे. पुस्तकातलं कुलूप उघडून काय शिकणार? मी म्हटलं, "मी आणतो." दुसऱ्या दिवशी पलसाण्याला गेलो, शेठना भेटलो. शेठ म्हणाले, "काका, तमे तो घरना माणस छो," तुम्ही तर घरचेच. ते समितीवरही यायला तयार झाले. पोरांना पाठवा म्हणाले, पास झाली तर दोघांना कामालाही ठेवेन म्हणाले. मी छाती काढून कॉलेजात गेलो.

तिथं प्राध्यापक साहेब म्हणाले, "फार चांगलं. फक्त एक परवानगीचं पत्र घ्या त्यांच्याकडून. मुलं काय तपासणार, कुठपर्यंत तपासणार, सगळं लेखी. सहीनिशी."

मला ते लागलं. "साहेब, मी शब्द आणलाय."

"शब्द आहेच. पण काका, दुसऱ्याचं कुलूप तपासायला गेलं आणि हातात कागद नसला, तर तपासणारा आणि चोर यांच्यात फरक राहत नाही. आमच्या कामातला पहिला नियम आहे हा."

"तुमच्या कामात असेल. सुरतच्या कापड बाजारात अख्खे गोडाऊन बोलण्यावर सुटतात. शेठकडे कागद मागायचा म्हणजे त्यांच्या तोंडावर सांगायचं की तुमच्यावर भरवसा नाही. मी नाही मागणार. आणि कोणी मागितला, तर मी या समितीवर नाही."

मॅडम म्हणाल्या, जाऊ द्या, काकांनी एवढं जमवलंय. साहेबांनी पेन बंद केलं. मी जिंकलो.

पोरांना घेऊन मीच गेलो. गेटवरच्या नव्या चौकीदारांनी मला सलाम ठोकला, पोरांनी बघितला. रंगाची टाकी, वाफेचे पाईप, सगळं दाखवलं. शेवटी शेठच्या ऑफिसात नेलं. तिथं भिंतीवर टीव्ही, त्यात सोळा चौकोन, सोळा कॅमेरे. शेठ फोनवर बोलत होते. समोरची पोरगी पुढे झाली.

"शेठ, बाहेर बसून कोणी हे बघू शकतं का? मी तपासून बघू? कॉलेजातून?"

शेठनी फोन कानापासून थोडा बाजूला केला. "जे जोवुं होय ते जुओ, बेटा. बधुं खुल्लुं छे." काय बघायचं ते बघ, सगळं उघडं आहे. आणि पुन्हा फोनवर बोलायला लागले.

मी दोन हात अंतरावर उभा होतो. प्रत्येक शब्द ऐकला.

तिसरी बैठक वर्गाच्या शेवटाला होती. पोरं आपापलं काम दाखवणार, समिती बघणार. शेठ कडक पांढऱ्या कपड्यांत आले होते. त्यांच्यापुढेही पाटी होती. पोरीची पाळी आली. तिनं ओढणी खोचली आणि बोलायला लागली.  कॅमेऱ्याच्या पेटीला पासवर्ड असतो, म्हणाली, तो मी ओळखायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "मला वाटलं दिवसभर लागेल. पहिल्याच शब्दाला उघडलं."

आणि भिंतीवर मिल दिसली. गेट, रंगाचं खातं, आणि शेठचं ऑफिस. शेठच्या खुर्चीत शेठचे मेहताजी, हिशेब लिहिणारे, बसले होते. पाय टेबलावर, समोर फाफड्याचा कागद. हिरवी मिरची उचलून तोंडात घातली.

पोरं हसली. मॅडमनी तोंडावर रुमाल धरला. प्राध्यापक साहेबही हसले.

"कोणता शब्द होता?" साहेबांनी विचारलं.

"सर, शुभलाभ."

आता इथं मला माझं सांगायला हवं. दिवाळीनंतर लाभपाचमीला मिल उघडते तेव्हा शेठ स्वतःच्या हातानं ऑफिसच्या दाराला कुंकवानं लिहितात, एका बाजूला शुभ, एका बाजूला लाभ. कॅमेरे बसवणारा आला तेव्हा शेठ बाहेरगावी होते. त्यानं मला विचारलं, काका, एक शब्द सांगा, कोणी विसरणार नाही असा. मी मान वर केली आणि दारावरचा वाचून सांगितला. तेवढं मला वाचता येतं. शेठ आल्यावर त्यांनाही सांगितला, ते म्हणाले, बहु सरस, फार छान. मग मेहताजींना सांगितला, रात्रपाळीच्या चौकीदाराला सांगितला. जो गेट राखतो त्याला माहीत असायलाच हवा, असं मला वाटलं. दारावर लिहिलेला शब्द मी दाराची चावी म्हणून दिला होता. आणि पहिल्या बैठकीत साहेबांना शिकवत होतो, बाहेर जाणाऱ्याकडे बघा.

शेठ उठले. कानापर्यंत लाल झाले होते.

"ये तो चोरी है. मेरे ऑफिस में घुसी ये लडकी. किसने बोला था खोलने को?"

पोरगी म्हणाली, "शेठ, मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, काय बघायचं ते बघ."

"मैंने मशीन देखने को बोला होगा. कागज दिखाओ. मेरी सही दिखाओ."

 साहेब माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "काका, तुम्ही होतात ना तिथे?"

शेठही वळले. "हां काका, तमे बोलो. मैंने बोला था?"

पोरगी माझ्याकडे बघत होती, अगदी निर्धास्त. माणूस स्वतःच्या घराच्या दाराकडे बघतो तसं.

लोक म्हणतील म्हातारा शेठला भ्यायला. नाही. माझा पगार केव्हाच बंद झाला होता, पोरगं दुसरीकडे कामाला आहे. शेठची भीती मला कधीच नव्हती. पण मी हो म्हटलं असतं तर साहेब म्हणाले असते, म्हणूनच मी पत्र मागत होतो. आणि शेठ म्हणाले असते, शब्द तर काका, तुम्हीच ठेवलेला. दोन्ही गोष्टी त्या पाटीसमोर बसून मला ऐकायच्या नव्हत्या.

मी म्हटलं, "मी जरा लांब होतो. मला ऐकू आलं नाही."

ज्या माणसाला हॉर्नवरून कळायचं की कुठला ट्रक येतोय, तो हे म्हणाला.

 पोरीनं भिंतीवरचं चित्र बंद केलं, खोचलेली ओढणी सोडली आणि जाऊन मागच्या बाकावर बसली. शेठ म्हणाले, ही मुलगी वर्गात राहिली तर मी नाही, माझी मिल नाही, नोकऱ्या नाहीत. मॅडमना बाकीच्या पोरांचं बघायचं होतं. प्राध्यापक साहेब एकटे बराच वेळ भांडले. मग त्यांनी आपली पाटी आडवी पाडली आणि निघून गेले. पोरीचं नाव काढलं. प्रमाणपत्र मिळालं नाही. कागदावर काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

घरी बायकोला सांगितलं. अर्धंच सांगितलं, पण तिनं बाकीचं ओळखलं. चाळीस वर्षं सुरतेत राहूनही ती घरात अहिराणीच बोलते. म्हणाली, "मंग तुम्ही काबर बोलनात नही?"

मी ताट सरकवलं आणि उठलो. ती पुन्हा कधी बोलली नाही त्याबद्दल. बोलली असती तर बरं झालं असतं.

पोरगी ओट्यावर यायची थांबली. समोरचं दार उघडं असलं की दिसायची, आईशेजारी बसलेली, मांडीवर साडी, हातात खड्यांची डबी. मला बघून तोंड फिरवायची नाही. "बसा आबा," म्हणायची, जसं कोणालाही म्हणतात.

महिनाभर मी ते सहन केलं. मग एक दिवस कॉलेजात गेलो आणि मॅडमना सगळं सांगितलं. शेठ काय बोलले, मी कुठं उभा होतो, पासवर्ड कोणाचा, पत्र कोणामुळे घेतलं नाही. त्यांनी ऐकलं. मग म्हणाल्या, "काका, हे तुम्ही मला तोंडी सांगून काय उपयोग? लेखी द्या."

मी वाटेत दुकानातून कोरे कागद घेतले. 

मी लिहिलं. दोन दिवस लागले. हात वळत नव्हता, काना कुठं, मात्रा कुठं, समजत नव्हतं. नातवाला विचारावं तर तो गुजराती शाळेत जातो, त्याला मराठी येत नाही. दुसऱ्या कोणाला विचारायचं म्हणजे त्यालाही सगळं सांगायचं. म्हणून जसं आलं तसं लिहिलं. खाली सही केली. मॅडमनी त्यावर शिक्का मारला, मिळाले म्हणून, आणि एक झेरॉक्स मला दिली. वरच्या ऑफिसला पाठवते म्हणाल्या. त्या ऑफिसातून अजून काही आलेलं नाही. आता मीही विचारायला जात नाही.

एकदा जुन्या फंडाच्या कागदासाठी मिलमध्ये गेलो होतो. गेटवरच्या चौकीदारानं चहा पाजला. मी सहज विचारलं, तो कॅमेऱ्याचा पासवर्ड बदलला का रे? तो म्हणाला, "हो तर काका, शेठनी लगेच बदलायला लावला. आता शुभलाभ एक." आणि हसला. त्याला वाटलं मीही हसेन.

ती झेरॉक्स घेऊन मी समोरच्या खोलीत गेलो. पोरीची आई पाणी आणायला उठली. पोरीनं हात पुसले आणि कागद घेतला. माझं अक्षर लावायला तिला वेळ लागला. दोनदा वाचला. मी उभाच होतो.

"आबा, ऐकू आलं होतं तर," ती म्हणाली.

"हो."

तिनं कागदाची घडी केली, माझ्या हातात परत दिली आणि म्हणाली, "हे तुमच्याकडेच ठेवा. माझ्याकडे खड्यांचा गोंद लागतो सगळ्याला."

पुढच्या वर्षीची पोरं आता मिलमध्ये जातात तेव्हा आधी परवानगीचं पत्र जातं, शेठची सही होऊन येतं. मॅडमनी मला सांगितलं, आणि बैठकीचं बोलावणंही दिलं. मी गेलो नाही. पाटी कपाटात आहे, तिच्याखाली झेरॉक्स. समोरची पोरगी आता जवळच्या सचिन गावातल्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते. संध्याकाळी रिक्षातून उतरते, तेव्हा मी ओट्यावर असतो. ती म्हणते, बसलात का आबा. मी म्हणतो, हो, बसलोय.