मावशीचे दूरचे पाहुणे

माझी मावशी अवकाशातले इलेक्ट्रॉन मोजायची. वर्गात हे सांगितलं की पोरी फिदीफिदी हसायच्या. मला मात्र तिची प्रयोगशाळा आजही जशीच्या तशी दिसते: बिनखिडकीची खोली, तारा जोडताना डाख दिल्याचा करपट वास आणि टेबलावर पेल्याएवढं एक यंत्र. त्याचंच जुळं भावंड यानावर बसून पृथ्वीपल्याडच्या मोकळ्या अवकाशात गेलं होतं आणि तिथून आकडे पाठवत होतं.

पंचाईत अशी, की यानाच्या स्वतःच्या पत्र्यावर किरण आदळले तरी इलेक्ट्रॉन उडायचे. त्यातून बाहेरून आलेले, कमी ऊर्जेचे तेवढे वेगळे काढण्यात मावशीची उमेदीची वर्षं गेली. शाळा सुटली की मी तिथेच. ती आकडे सांगायची, मी आलेख काढायची.

"बघ, सूर्य शांत असला की हे वाढतात," ती म्हणायची. "म्हणजे सूर्याचे नव्हेत. पार ताऱ्यांकडून येतात. दूरचे पाहुणे आहेत माझे."

"त्या पाहुण्यांपायी घरच्यांना विसरलीस!" आई करवादायची.

मी कॉलेजात असताना दुसऱ्या एका गटाचं यान गुरू ग्रहाकडे निघालं. ते जसजसं जवळ गेलं, तसतसे हेच इलेक्ट्रॉन वाढत गेले. ते गुरूकडूनच येत होते.

"त्यांचंच काहीतरी चुकलं असेल, मॅडम," यंत्राची जोडणी करणारे तंत्रज्ञ काका म्हणाले.

मावशीने आमचे जुने आलेख जमिनीवर पसरले. बराच वेळ ती ओणवी होऊन बघत राहिली. "नाही हो. दर तेरा महिन्यांनी चढ आहे. पृथ्वी आणि गुरू एकमेकांच्या तुलनेत पुन्हा त्याच जागी येतात तेव्हा. इतकी वर्षं डोळ्यांसमोर होतं."

पुढच्या परिषदेत मी मागच्या रांगेत बसले होते. मावशी उभी राहिली. "दूरचे म्हणून ज्यांचं कौतुक केलं, ते पाहुणे शेजारचेच निघाले," ती म्हणाली. सभागृह खळखळून हसलं. मग तिने तेच आलेख दाखवले, आणि हसणारे पुढे सरकून बघू लागले.

परतताना मी विचारलं, "वाईट वाटलं?"

"वाटलं गं. फार वाटलं," ती म्हणाली.

त्या सुट्टीत आम्ही तिघांनी सगळी आकडेवारी नव्याने मांडली. काम करता करता मावशी गुणगुणायची. तिला सूर म्हणून नव्हता. तंत्रज्ञ काका कानांत कापूस घालायचं सोंग करायचे, आणि ती मुद्दाम आवाज चढवायची.